विश्वास आणि विश्वासूपणा: ख्रिस्ती माणसाला पडणारे नेहमीचे प्रश्न

भरवशाचा विषय निघाला की ख्रिस्ती माणसं बहुधा दोनपैकी एका टोकाला जातात. काहींना वाटतं, आपण ख्रिस्ती, तेव्हा समोरच्यावर शंका घेणंच पाप. काही जण एकदा चांगले पोळलेले असतात. ते म्हणतात, देव सोडला तर कोणाचाच भरवसा नको. पवित्र शास्त्र जे सांगतं ते या दोन्हींहून वेगळं आहे आणि आचरायला अवघड आहे. भार सगळा देवावर टाकायचा, आणि माणसांच्या बाबतीत ‘कोणावर विश्वास ठेवू?’ याच्या आधी ‘माझ्यावर कोणी विश्वास ठेवावा असा मी आहे का?’ हे विचारायचं. खालची उत्तरं याच धाग्याने लिहिली आहेत.

ख्रिस्ती श्रद्धेत भरवशाला इतकं मध्यवर्ती स्थान का?

कारण शास्त्रातला देव शब्द देणारा आणि दिलेला शब्द पाळणारा देव आहे. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात अब्राम त्याला सरळ विचारतो, हे मला मिळेल हे मी कशावरून समजू? देव रागावत नाही. तो त्याला कालवड, शेळी, मेंढा आणायला सांगतो. त्या काळी करार करणारे लोक कापलेल्या जनावरांच्या मधून चालत जात. शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात ही रीत स्पष्टच येते. पण इथे सूर्य मावळताना अब्रामाला गाढ झोप लागते आणि त्या तुकड्यांमधून जाते ती धुमसती शेगडी आणि जळती मशाल. अब्राम चालतच नाही. मोडला तर काय, याची सगळी जोखीम देव एकटा उचलतो.

उलट बाजू एदेन बागेत दिसते. सापाने आधी फळ पुढे केलं नाही, आधी देवाच्या शब्दाबद्दल शंका पुढे केली. आज्ञा नंतर मोडली गेली; भरवसा त्याच्या आधी मोडला होता.

१५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (प्रोटेस्टंट शिकवणीच्या एका जुन्या पुस्तिकेत), खरी श्रद्धा म्हणजे काय, या २१ व्या प्रश्नाचं उत्तर याच दिशेचं आहे: देवाने जे प्रकट केलं ते खरं मानणं एवढ्यावर श्रद्धा संपत नाही, त्यात मनापासूनचा भरवसाही असावा लागतो. देव एकच आहे असं भुतंही मानतात, असं याकोब लिहितो ते उगीच नाही.

देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे सगळं चांगलंच होईल असं धरून चालायचं का?

नाही. राजाच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून जळत्या भट्टीत टाकायला आणलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला सांगतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. त्या ‘तरी’मध्ये भरवसा आहे. निकाल आधी मागून मग विश्वास ठेवायचा, हा व्यवहार झाला.

तक्रार करणं म्हणजे अविश्वास, ही समजूतही काढून टाकावी. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. १३ वं स्तोत्र ‘किती काळ’ या प्रश्नानेच उघडतं. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. ज्याचा भरवसाच उरलेला नाही, तो गाऱ्हाणं कोणाकडे नेणार? दुःखात असलेल्या माणसाला ‘विश्वास कमी पडला’ असं सांगणारे लोक मंडळीत (चर्चमध्ये) भेटतात. मला ते बोलणं निर्दय वाटतं आणि शास्त्राच्या विरुद्धही वाटतं.

‘मनुष्यावर भरवसा ठेवू नका’ असं लिहिलेलं असताना माणसांवर विश्वास ठेवणं योग्य आहे का?

स्तोत्र ११८ आणि १४६, तसंच यिर्मयाचा १७ वा अध्याय या संदर्भात पुढे केले जातात. ती वचनं वाचताना प्रश्न काय चालला आहे ते पाहावं. तिथे विषय शेवटच्या आधाराचा आहे. अधिपतींवर भिस्त ठेवू नका, कारण त्यांचा श्वास जातो आणि त्याच दिवशी त्यांचे बेतही जातात, असं १४६ वं स्तोत्र म्हणतं. माणसाला देवाच्या जागी बसवू नका, हा त्याचा रोख.

तेच शास्त्र नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायात सद्गुणी स्त्रीबद्दल म्हणतं की तिच्या नवऱ्याचं मन तिच्यावर भरवसा ठेवतं. पौल तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीकडे तीमथ्याला पाठवतो, कारण याच्यासारखा दुसरा कोणी आपल्याजवळ नाही असं तो लिहितो. माणसाला देव केलं नाही की त्याच्यावर माणसाला पेलेल इतका विश्वास निश्चिंतपणे टाकता येतो. तो चुकला तर दुःख होतं, पण पायाखालची जमीन जात नाही.

मग ख्रिस्ती माणसाने भोळं असावं का?

भोळेपणा हा शास्त्रात सद्गुण नाही. भोळा प्रत्येक शब्द खरा मानतो, शहाणा नीट पाहून पाऊल टाकतो, असं नीतिसूत्रे १४:१५ सांगतं. येशूने शिष्यांना पाठवताना सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निरुपद्रवी व्हा, असं दोन्ही एका दमात सांगितलं. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात तर एक चमकवणारं वाक्य आहे. येशूची चिन्हं पाहून पुष्कळ लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, पण येशूने स्वतःला त्यांच्या हवाली केलं नाही, कारण माणसाच्या आत काय असतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने त्यांना शिकवलं, बरं केलं, त्यांच्यासाठी प्राण दिला. तरी स्वतःला त्यांच्या हाती सोपवलं नाही.

‘प्रीती सर्व काही खरे मानते’ हे १ करिंथ १३ मधलं वचन इथे अडचणीचं वाटतं. त्याच अध्यायात प्रीती सत्याबरोबर आनंद मानते असंही आहे. समोरच्याच्या वागण्याचा चांगला अर्थ लावता येत असेल तर तो आधी लावून पाहायचा, हे प्रीतीचं काम. पुरावा डोळ्यांसमोर असताना डोळे मिटणं हे प्रीतीचं काम नाही.

मंडळीत हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नाही का?

हा प्रश्न माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण ‘देवाच्या कामात हिशोब कसला?’ या एका वाक्याने जितकं नुकसान केलंय तितकं उघड शत्रुत्वानेही केलं नसेल.

एज्राचा ८ वा अध्याय सावकाश वाचा. याजक एज्राच्या मागे लोक बंदिवासातून यरुशलेमेकडे निघालेत. मुलंबाळं बरोबर आहेत आणि मंदिरासाठी दिलेलं सोनंरुपं आहे. वाटेत लुटारूंची भीती आहे. राजाकडे सैनिक आणि घोडेस्वार मागायला एज्राला लाज वाटते, कारण देवाचा हात आमच्यावर आहे असं तो राजाला आधीच सांगून बसला होता. म्हणून अहवा नदीकाठी तो उपास जाहीर करतो, सगळे प्रार्थना करतात आणि सैन्याशिवाय निघतात. इतका भरवसा!

आणि त्याच ठिकाणी, निघण्याआधी, एज्रा याजकांपैकी १२ प्रमुखांना वेगळं काढतो आणि त्यांच्यासमोर सोनंरुपं तोलून देतो. ६५० किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपं, १०० किक्कार सोनं, रुप्याची पात्रं, सोन्याचे २० कटोरे, सगळ्याची नोंद. त्यांना तो सांगतो, तुम्ही परमेश्वराला पवित्र आहात, ही पात्रंही पवित्र आहेत, यरुशलेमेत पुन्हा तोलून देईपर्यंत जपा. यरुशलेमेत पोचल्यावर ते तीन दिवस थांबतात आणि चौथ्या दिवशी देवाच्या मंदिरात सगळं पुन्हा तोललं जातं. संख्या आणि वजन दोन्ही जुळतं, आणि ते वजन लिहून ठेवलं जातं.

सैन्य न घेणारा माणूस तराजू मात्र घेतो. याजकांवर त्याचा संशय होता म्हणून नाही, कारण त्यांना पवित्र म्हणूनच त्याने माल हाती दिला. तोलून दिलेलं तोलून परत घेतलं की नेणाऱ्याचं नावही सुरक्षित राहतं. उद्या कोणी कुजबुजलं की वाटेत काहीतरी नाहीसं झालं, तर त्या १२ जणांना दाखवायला कागद आहे.

पौलाने हेच केलं. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा होत होती. रक्कम मोठी होती, आणि पौलाच्या हेतूंवर करिंथात आधीच चर्चा चालू होत्या. ‘मी प्रेषित आहे, माझ्यावर विश्वास ठेवा’ असं तो म्हणू शकला असता. २ करिंथच्या ८ व्या अध्यायात तो तीताबरोबर आणखी दोन बांधव पाठवतो, त्यातला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. कारणही लिहितो: या मोठ्या देणगीच्या बाबतीत आम्हाला कोणी दोष लावू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीने तसंच माणसांच्याही दृष्टीने चांगलं ते आम्ही पाहतो. देवाला माझं मन माहीत आहे, एवढं पौलाला पुरत नव्हतं.

२ राजे १२ मधली गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे आणि ती लपवू नये. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा वर्षानुवर्षं याजकांकडे जात होता आणि दुरुस्ती होत नव्हती. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं येऊन मोजत. पुढे कारागिरांना देण्यासाठी ज्यांच्या हाती पैसा दिला त्यांच्याकडून हिशोब घेत नसत, कारण ते इमानाने वागत, असं त्याच अध्यायात आहे. म्हणजे हिशोबाची सूट आहे, पण ती मिळाली कोणाला ते पाहा. काम करून दाखवणाऱ्यांना. ज्यांच्या हातून वर्षानुवर्षं काम झालं नाही, त्यांच्या वाट्याला कुलूपबंद पेटी आली.

तेव्हा अर्पण दोघांनी मिळून मोजावं, ते दोघं एकाच घरातले नसावेत, रक्कम तिथल्या तिथे लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात, वर्षाचा जमाखर्च मंडळीपुढे वाचला जावा. यात कोणाचाही अपमान नाही. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली अमेरिकेतल्या मोडेस्टो गावी बसून, सुवार्तिकांची बदनामी कशाकशाने होते याचा विचार केला आणि स्वतःवर नियम घालून घेतले: पैशांबाबत, स्त्री-पुरुष वागणुकीबाबत, स्थानिक मंडळ्यांवर टीका करण्याबाबत, आणि सभेला आलेल्या लोकांचा आकडा फुगवून सांगण्याबाबत. शेवटचा नियम मला विशेष आवडतो. आकडा फुगवणं पाप आहे हे कितीजणांना सुचलं असतं?

खजिनदाराला हिशोब विचारल्यावर राग येत असेल, तर ती गोष्ट मंडळीने गंभीरपणे घ्यावी.

क्षमा केली म्हणजे पुन्हा पूर्वीसारखा विश्वास ठेवायलाच हवा का?

नको. क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे मार खाणाऱ्या बायका पुन्हा त्याच घरात पाठवल्या गेल्या आहेत, तेही शास्त्राचा हवाला देऊन.

क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क देवाकडे सोपवणं. ती एकतर्फी देता येते. समोरच्याला तिची किंमतही कळलेली नसली तरी देता येते. येशूने वधस्तंभावर तशीच दिली. विश्वास मात्र समोरच्याच्या वागणुकीवर उभा राहतो, आणि वागणूक दिसायला वेळ लागतो.

योसेफाकडे पाहा. भावांनी त्याला २० रुप्यांना विकलं. वर्षांनी ते धान्यासाठी मिसरात त्याच्यासमोर वाकतात आणि त्याला ओळखत नाहीत. योसेफाच्या मनात सूड नाही; तो बाजूला जाऊन रडतो, त्यांच्या गोण्यांत त्यांचे पैसे परत ठेवतो. पण तो लगेच ओळख देत नाही. शिमोनाला ठेवून घेतो, बन्यामिनाला आणायला लावतो, शेवटी आपला रुप्याचा प्याला बन्यामिनाच्या गोणीत लपवतो. परिस्थिती तीच पुन्हा उभी राहते: बापाचा लाडका धाकटा अडकलाय आणि थोरल्यांना त्याला टाकून घरी जाण्याची मुभा आहे. एकदा त्यांनी हेच केलं होतं. आता काय करतील?

यहूदा पुढे येतो. योसेफाला विकून टाकू या, असं सुचवणारा हाच. तो म्हणतो, पोराच्या बदली मला गुलाम म्हणून ठेवा, त्याला भावांबरोबर जाऊ द्या. यानंतर योसेफाला स्वतःला आवरत नाही आणि तो ओळख देतो. त्याचं मन आधीच मोकळं झालं होतं. विश्वास ठेवता आला तो यहूदाचं बोलणं ऐकल्यावर. ज्याला दुखापत झाली आहे त्याने किती थांबावं, हे दुखापत करणाऱ्याने ठरवू नये. आणि जिथे जिवाला धोका आहे तिथे दूर राहणं, पोलिसांत जाणं, यात क्षमेचा भंग होत नाही.

माझ्या हातून विश्वासघात झाला आहे. तो भरून कसा काढायचा?

आधी जे झालं ते नाव घेऊन कबूल करायचं. ‘काही चुकलं असेल तर माफ करा’ ही कबुली नाही. त्यात ‘असेल’ आहे.

मग भरपाई. लेवीय ६ मध्ये ठेव लुबाडणारा, सापडलेली वस्तू नाकारणारा, शेजाऱ्याला फसवणारा यांच्यासाठी नियम आहे: मूळ रक्कम परत, वर तिचा पाचवा हिस्सा, आणि तीही दोषार्पणाच्या दिवशीच. म्हणजे माणसाचं देणं टाळून देवाकडे जाता येत नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने तर याहून पुढे जाऊन चौपट परत देण्याचं ठरवलं, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. येशूने त्याला तसं करायला सांगितल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

त्यानंतरचा भाग सगळ्यात कठीण, कारण त्यात करण्यासारखं फारसं नसतं, टिकून राहायचं असतं. मार्क म्हणवलेला योहान पौल आणि बर्णबा यांना पंफुल्यात सोडून यरुशलेमेला परत गेला. का, ते लिहिलेलं नाही. पुढच्या दौऱ्यात त्याला घ्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकं वाजलं की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला, पौलाने सीलाला घेतलं. कोण बरोबर? माझं मत, दोघंही. काम मध्येच सोडणाऱ्याला धोक्याच्या वाटेवर लगेच न नेणं हा पौलाचा विवेक होता, आणि त्याला दुसरी संधी देणारा कोणीतरी असावा ही मार्काची गरज होती. बर्णबाने हे आधीही केलं होतं. शौलाला (पुढे हाच पौल) यरुशलेमेतले शिष्य घाबरत होते तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेणारा तोच होता.

पुढे कलस्सैच्या पत्रात मार्क पौलाबरोबर दिसतो: तो तुमच्याकडे आला तर त्याचं स्वागत करा. आणि २ तीमथ्य ४ मध्ये, मरण समोर दिसत असताना पौल लिहितो, मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काने काय केलं, याचा तपशील फारसा नाही. कामाला लागला असणार आणि टिकला असणार.

दिलेला शब्द परिस्थिती बदलल्यावर पाळावा का?

स्तोत्र १५ विचारतं, परमेश्वराच्या मंडपात कोण राहील? उत्तरात एक ओळ आहे: वाहिलेल्या शपथेने स्वतःचं नुकसान झालं तरी जो ती मोडत नाही तो. जवळच राहणाऱ्या गिबोनी लोकांनी जुने बुधले आणि बुरसटलेल्या भाकरी दाखवून, आपण दूर देशाचे आहोत असं भासवून, इस्राएलाचा पुढारी यहोशवा याला फसवलं आणि करार करून घेतला. तीन दिवसांनी फसवणूक उघड झाली. लोक चिडले, तरी सरदारांनी शपथ मोडली नाही. पुढे गिबोनावर हल्ला झाला तेव्हा यहोशवा त्यांच्या बचावाला रात्रभर चालून गेला. कितीतरी पिढ्यांनी शौल राजाने ती शपथ मोडली तेव्हा दावीदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला, असं २ शमुवेल २१ सांगतं.

पण पाप करण्याचा शब्द पाळायचा नसतो. हेरोदाने शपथेसाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर दिलं. ते विश्वासूपण नव्हतं, पाहुण्यांसमोर लाज राखणं होतं. आणि न पेलणाऱ्या शब्दात अडकलात तर नीतिसूत्रे ६ वाट दाखवतं: ज्याला शब्द दिला त्याच्याकडे जा, नमून त्याला गळ घाल, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस. फोन न उचलणं ही ती वाट नव्हे.

न्यायालयात शपथ घ्यावी का?

येशू म्हणतो, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. बहुतेक मंडळ्या याचा अर्थ असा घेतात की रोजच्या बोलण्याला शपथेची टेकू लागू नये. न्यायालयातली शपथ त्यांना चालते. पौलानेही देवाला साक्षी ठेवून लिहिलं आहे. क्वेकर आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांनी मात्र ते वचन अक्षरशः घेतलं. क्वेकरांनी इंग्लंडमध्ये त्यासाठी तुरुंगवास सोसला, आणि १७ व्या शतकाच्या शेवटी तिथल्या संसदेने त्यांना शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञा करण्याची मुभा दिली. आज अनेक देशांत ही सोय सगळ्यांनाच आहे. तुमचा विवेक सांगेल ते करा.

कोणाचा जीव वाचवण्यासाठी खोटं बोललं तर?

ख्रिस्ती लोकांचं यावर एकमत नाही. संत ऑगस्टीनच्या मते खोटं कुठल्याही कारणाने योग्य ठरत नाही. दुसऱ्या बाजूला शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी फारोला थाप मारून इब्री बाळं वाचवली आणि देवाने त्यांचं भलं केलं, असं निर्गम १ सांगतं. राहाबेने हेर लपवून पाठलाग करणाऱ्यांना भलतीकडे धाडलं, आणि इब्री ११ मध्ये तिचं नाव आहे.

माझा कल असा: खुन्याला सत्य मिळण्याचा हक्क नाही, आणि त्याच्यापासून एखाद्याला लपवणारा शेजाऱ्याशी विश्वासूच राहतो. पण ‘जीव वाचवण्यासाठी’ हे कारण बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही येत नाही, आणि स्वतःची अब्रू वाचवण्यासाठी बोललेल्या खोट्याला तेच नाव देण्याचा मोह रोज येतो.

सांगितलेली गोष्ट कितपत गुप्त ठेवावी?

चहाड गुप्त गोष्ट उघड करतो, विश्वासू माणूस ती झाकतो, असं नीतिसूत्रे ११:१३ म्हणतं. मंडळीत हे वचन ज्या वाटेने सर्वांत जास्त मोडतं ती वाट म्हणजे प्रार्थनेची विनंती. ‘अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा, त्यांचं नवराबायकोचं...’ इथेच चहाडी झाली. देवाला नाव आणि तपशील माहीत आहेत. प्रार्थना करणाऱ्यांना ते लागत नाहीत. ज्याची गोष्ट आहे त्याला आधी विचारा.

कॅथलिक मंडळीत पापकबुलीची गुप्तता फार कडक आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती मोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून आयुष्यभर मठात प्रायश्चित्त करायला लावावं असं ठरवलं. तो वेगळा, संस्काराचा विषय. तुम्ही-आम्ही मित्र म्हणून काही ऐकतो तेव्हा मर्यादा वेगळी असते. मुलावर अत्याचार होत असेल, कोणी जीव देण्याच्या विचारात असेल, तर गप्प राहण्याचं वचन देऊच नका. ‘हे मी एकट्याने ठेवू शकत नाही, आपण दोघं मिळून मदत मागू’ असं त्याच वेळी, समोर बसून सांगा.

पाळकानेच विश्वासघात केला तर मंडळीची बदनामी टाळण्यासाठी गप्प राहावं का?

नाही. १ तीमथ्य ५ मध्ये दोन बाजू लागोपाठच्या वचनांत आहेत: मंडळीच्या वडिलांविरुद्ध (म्हणजे पुढाऱ्यांविरुद्ध) आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून घेऊ नका, आणि जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष द्या. पहिलं वचन खोट्या आरोपापासून राखतं, दुसरं झाकपाक करण्यापासून. पहिलं सांगून दुसरं गाळणारे लोक आपल्याला ठाऊक आहेत. साक्षीदारांचा नियम मंडळीच्या चौकशीसाठी आहे. गुन्ह्याची तक्रार पोलिसांत करायला तो आडवा येत नाही, आणि लहान मुलाने एकट्याने सांगितलेलं नाकारायला तर मुळीच नाही.

झाकल्याने बदनामी टळत नाही, साठत जाते. कॅथलिक मंडळीत बालकांवरच्या अत्याचारांची आणि ती दडपल्याची प्रकरणं २००२ मध्ये बॉस्टनमध्ये वृत्तपत्राने उघडकीला आणली. त्यानंतर कितीतरी देशांत तेच निघालं. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशी माहिती मंडळीच्या अधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी हे वाचून सुटकेचा श्वास सोडू नये. तिथेही हेच घडलं आहे, आणि स्वतंत्र मंडळ्यांत तर वर कळवायला कोणी नसतं. यहेज्केल ३४ मध्ये देव स्वतःचं पोट भरणाऱ्या मेंढपाळांच्या विरोधात उभा राहतो आणि मेंढरं त्यांच्या तोंडातून सोडवीन म्हणतो. तिथे देव मेंढरांच्या बाजूला आहे.

पाळकाने पश्चात्ताप केला तर त्याला मंडळीत जागा आहे. पद परत मिळेलच असं नाही.

लहानपणी घरच्याच माणसाने विश्वासघात केला, त्याने देवाला ‘बाप’ कसं म्हणावं?

घाई न करता. काहींना ‘प्रभू’ किंवा ‘मेंढपाळ’ म्हणून सुरुवात करणं जमतं, आणि शास्त्रात ती नावं तितकीच खरी आहेत. २७ वं स्तोत्र आईबाप सोडून देतात ही शक्यता उच्चारून दाखवतं आणि मग म्हणतं, परमेश्वर मला जवळ करील. ५५ वं स्तोत्र म्हणतं, शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तो तू होतास, माझा जिवलग, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात असे. ४१ व्या स्तोत्रातली ‘ज्याने माझी भाकर खाल्ली त्यानेच माझ्यावर लाथ उगारली’ ही ओळ येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी स्वतःला लावून घेतली. त्याला पकडून देणारा ओठांनी मुका घेऊन देतो, आणि ज्याने मरेपर्यंत साथ देईन म्हटलं तो पेत्र कोळशांच्या शेकोटीशी उभा राहून ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतो. आपण ज्याच्याकडे जातो त्याला हे आतून माहीत आहे.

अशा माणसाला मंडळीने वचनं ऐकवत बसू नये. दर रविवारी त्याच वेळी, त्याच जागी, सांगितल्याप्रमाणे भेटणारा एखादा शांत माणूस त्याला जास्त उपयोगी पडतो. प्रशिक्षित समुपदेशकाकडे जाण्याने देवावरचा भरवसा कमी होत नाही. लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला बरोबर ठेवलं.